आगरात स्वस्तात कायमची शेकोटी बांधायची आहे. जांभ्याचे चिरे आहेत, सिमेंटच्या रिंगा आहेत, बजेट पाच हजार

आगरवाली (आंजर्ले)

नमस्कार मंडळी. आमचं घर आंजर्ल्यात रस्त्याला लागून, आणि मागे आगर थेट समुद्राच्या पुळणीपर्यंत गेलेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आगरातले बरेच माड आणि पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपं लावली, पण मधला एक चौक मुद्दाम मोकळा ठेवला आहे. तिथे कायमची शेकोटी करायचं बरेच दिवस मनात आहे.

थंडीत मुंबई-पुण्याहून दीर-जावा, पोरंबाळं सगळी येतात. जेवणं झाली की सगळ्यांना बाहेर बसायचं असतं. आत्ता आम्ही जागा मिळेल तिथे जमिनीवरच पेटवतो. सकाळी तिथे नारळाची अर्धवट जळलेली सोडणं, राख पसरलेली, आणि रात्री वारा फिरला की ठिणग्या गोठ्याच्या दिशेने. गोठ्यात पेंढा आहे, त्यामुळे माझा जीव सारखा तिकडे. सासूबाईंना धुराचा त्रास होतो, खिडकीतून धूर आत आला की रात्रभर खोकतात. शिवाय माझं माहेर नागावचं, अलिबागजवळचं. पौष-माघात पोपटी, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा वगैरे भरून भोवती आग लावून भाजतात ती, लावल्याशिवाय मला थंडी आली असं वाटतच नाही, आणि इकडच्या पोरांनाही आता तिची गोडी लागली आहे. म्हणजे नुसतं शेकायला नको, मडकं बसेल अशी जागा हवी.

पडलेल्या गडग्याचे (कुंपणाच्या दगडी भिंतीचे) साठएक चिरे आहेत, बहुतेक १४ बाय ९ बाय ७ इंचांचे. शौचालयाच्या खड्ड्याच्या कामातून उरलेल्या तीन फुटी दोन सिमेंटच्या रिंगा आहेत. एका गवंड्याला विचारलं तर सिमेंटात बांधून वर टाइल्स लावून अठरा हजार म्हणाला. माझी तयारी पाच हजारांची आहे.

चिरा आगीला टिकतो का? रिंग तशीच वापरली तर? आणि आपल्याकडच्या पावसात ही गोष्ट चार-पाच वर्षं तरी उभी राहील अशी कशी करायची? ज्यांनी खरंच बांधलं आहे त्यांनी सविस्तर सांगा.

खाडीकाठ

ताई, रिंग घरात आहे तर खर्च कशाला करताय? सहा इंच खणा, रिंग बसवा, तळाला खडी टाका, झालं. आमच्या शेजाऱ्यांनी तशीच केली आहे आणि दोन हिवाळे व्यवस्थित वापरली. फार तर आतून मातीचा लेप द्या. उरलेल्या पैशात चार खुर्च्या येतील.

चिरेबंदी (रत्नागिरी)

ताई, मी गवंडी आहे. आमच्या घरात वडिलांपासून हेच काम. चुली, न्हाणीघरातले चुलखंड, बेकरीच्या भट्ट्या, सगळं बांधतो. म्हणून जरा लांबण लावतो.

रिंग नुसती वापरू नका. खाडीकाठ यांच्या शेजाऱ्यांची टिकली असेल तर आग लहान असणार. लाकडाचा जाळ बसला की निखाऱ्याजवळ ६००-७०० अंश सहज जातात, आणि सिमेंटची पकड त्याच्या खूप आधी, तीन-चारशेच्या पुढे सुटत जाते. रिंग पावसाळाभर पाणी पिऊन बसलेली असते. वरून आग लागली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर यायला वाट नसते, मग काँक्रीटची खपली उडते. फटाका फुटावा तसा आवाज येतो आणि तुकडा समोर बसलेल्याच्या अंगावर. समोर पोरं बसणार आहेत. मातीचा लेप असला तरी आतली ओल काही जात नाही. दुसरं म्हणजे रिंगेला खालून हवा नाही. हवा नाही म्हणजे जाळ नाही, नुसता धूर. सासूबाईंच्या खोकल्याचं मूळ तिथेच आहे.

गडग्याचे चिरे मात्र सोनं आहेत. जांभा खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, उन्हावाऱ्यात राहून कडक होत जातो. तुमचे चिरे वर्षानुवर्षं बाहेर राहिलेले, म्हणजे तयार झालेले. पण जांभ्याच्या अंगाला छिद्रं, तो पाणी धरतो. त्यामुळे चिरा बाहेरच्या अंगाला ठेवायचा, ज्वाळा थेट त्याला लागू द्यायची नाही. आणि खाडीतले, नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान म्हणून आतून लावतात, ते अजिबात नको. आत पाणी अडकलेला गोटा तापला की फुटतोच.

आता बांधायचं कसं. पैसे एकाच ठिकाणी घाला, भट्टीच्या विटांत. फायरब्रिक म्हणून मागा. माप ९ बाय साडेचार बाय ३ इंच. वीट तिच्या लांब अरुंद कडेवर उभी करायची, म्हणजे नऊ इंच आडवी आणि साडेचार इंच उंच. पहिल्या थरात दहा विटा गोल लावा आणि चार ठिकाणी दोन-दोन इंचांच्या फटी सोडा, चारी दिशांना. या फटी म्हणजे आगीचं नाक. वरचे दोन थर अकरा-अकरा विटांचे, फट न सोडता, सांधा चुकवून. एकूण बत्तीस विटा. आतला व्यास बरोबर अडीच फुटांच्या आसपास येतो आणि उंची साडेतेरा इंच. याहून मोठं करू नका. मोठ्या खड्ड्याला लाकूड जास्त लागतं आणि बसणाऱ्याला ऊब कमी मिळते.

विटांच्या मागे दीड-दोन बोटं जागा सोडून चिरे गोल रचा. एका थराला नऊ-दहा चिरे, सात इंची दोन थर, म्हणजे विटांच्या उंचीला बरोबर येतात. खालच्या थरात विटांच्या फटीसमोरच चिऱ्यांतही फट ठेवा, नाहीतर हवा आत जाणार कुठून? त्या वाटा सोडून मधल्या पोकळीत चाळलेली राख आणि कोरडा मुरूम भरा. विटा तापून थोड्या फुगतात, त्यांना हलायला जागा मिळते आणि चिरा थंड राहतो. चिऱ्यांना सिमेंट लावायचं नाही. गडगा कसा कोरडा रचतात तसाच रचायचा. एखादा चिरा दुखावला तर तेवढाच काढून दुसरा बसवता येतो. वीस चिरे इथे जातील, उरलेले बसायला.

विटांच्या सांध्याला वारुळाची माती, थोडं शेण आणि भाताचं तूस एकत्र मळून दोन दिवस मुरवलेला गारा लावा. सांधा जितका बारीक तितका टिकतो. चूल ज्या मातीची करता तीच. बांधून झाल्यावर आठवडाभर सावलीत वाळू द्या, मग दोन-तीन संध्याकाळी नुसत्या करवंट्यांची बारीक आग. पहिल्याच दिवशी ओंडके घातलेत तर सांधे उघडतील.

आता तुमची जमीन. पुळणीला लागून आगर म्हणजे पावसाळ्यात पाणी वर येणार. तिथे खड्डा खणलात तर जून ते सप्टेंबर ते डबकं होईल. म्हणून खाली जायचं नाही, वर यायचं. साधारण साडेसहा फूट व्यासाचा, सहा इंच उंच, मुरमाचा ओटा चोपून घ्या. विटांच्या आत जिथे आग असेल तिथला मुरूम काढून काळ्या दगडाची खडी भरा, म्हणजे चुकून पाणी आलं तरी झिरपून जातं. मे अखेरीस वरून पत्रा टाका, त्यावर दोन चिरे. पत्रा विटांना टेकू देऊ नका, चार बोटं वर ठेवा, वारा खेळला पाहिजे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, त्यात बंद झाकलेली वस्तू कुजते. दिवाळीनंतर पत्रा काढला की पहिली आग पुन्हा लहान.

जागा निवडताना वर बघा. माडाखाली शेकोटी नको. वाळकी झावळी आगीत पडली तर भडका, आणि नारळ डोक्यात पडला तर काय ते वेगळं सांगायला नको. माड पंचवीस फुटांवर लावलेले असतील तर चार माडांच्या बरोबर मध्यावरून प्रत्येक बुंधा साडेसतरा फुटांवर येतो. ती जागा चांगली. घराच्या कौलांपासून पंधरा फूट तरी धरा, आणि पेंढ्याच्या गोठ्यापासून जितकं दूर जाता येईल तितकं. पंचवीस-तीस फुटांच्या आत नकोच.

धुराचं उत्तर अर्धं त्या चार फटींत आहे, अर्धं वाऱ्यात. तुमचा समुद्र पश्चिमेला, घर पूर्वेला. दिवसभर आणि सूर्यास्तापर्यंत खारा वारा समुद्राकडून घराकडे येतो. रात्री जमीन निवली की मतलई वारा सुटतो, तो घराकडून समुद्राकडे. म्हणून सहा-साडेसहाला पेटवाल तर सगळा धूर सासूबाईंच्या खोलीत. आठनंतर, वारा पडून फिरल्यावर पेटवा. माझ्या एका गिऱ्हाइकाने एवढ्यासाठी चिमणी बांधायला सांगितली होती. मी म्हटलं, आधी महिनाभर जेवण उरकून पेटवून बघा. चिमणी लागली नाही.

खर्च आमच्याकडच्या भावाने सांगतो: बत्तीस विटा पन्नासच्या भावाने सोळाशे, गवंडी आणि मदतनीस एक दिवस सोळाशे-सतराशे, टेम्पोचं भाडं पाचशे. चार हजारांत बसायला हरकत नाही. बेकरीची जुनी भट्टी कुठे मोडत असेल तर त्या विटा निम्म्या पैशात मिळतात, वापरलेल्या चालतात. केमिकल कारखान्यातल्या जुन्या विटा कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका, तुम्हाला त्यावर खायचं भाजायचं आहे.

आणि जाळायचं काय, हेही ठरवा. सुरू, माडाची सोडणं, पोयी, करवंट्या, सगळं वाळलेलं असेल तर उत्तम. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड नको, त्यात मीठ मुरलेलं असतं, धूर विषारी होतो. जुन्या होडीच्या रंगवलेल्या फळ्या नकोत. काजूची टरफलं नकोत, त्यातल्या तेलाच्या धुराने डोळे आणि कातडी चुरचुरते. कुंपणाची कण्हेर छाटली असेल तर तीही इथे आणू नका.

भंगारप्रेमी

चिरेबंदी काकांनी सगळं सांगितलंच आहे. ज्यांच्याकडे चिरे नाहीत त्यांच्यासाठी एक. भंगारवाल्याकडे जुन्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम मिळतो. अंगभर भोकं असल्यामुळे हवा भरपूर, धूर कमी, खाऱ्या हवेत लोखंडाएवढा लवकर सडत नाही. तीन चिऱ्यांवर ठेवला की झालं. मात्र गॅल्व्हनाइज पत्र्याची बादली किंवा पिंप घेऊ नका, तापल्यावर जस्ताची वाफ येते, ती छातीत गेली की ताप भरतो. आणि डांबराचं किंवा तेलाचं बंद पिंप घरी कटरने कापायचा विचारही नको, आत साठलेल्या वाफेचा स्फोट होतो.

सुरूबन

आंजर्ले म्हटल्यावर एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेळास आणि गुहागरसारखीच. मादी थंडीच्या दिवसांत रात्री वर येते. अंड्यातून पिल्लं बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्रावरचा उजेड जास्त असेल तर समुद्राकडे, आणि मागच्या आगरात जाळ दिसला तर तिकडे. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी मिळून एवढं काम उभं केलं, पुढे तुमच्याकडेही ते सुरू झालं. घरटी बहुतेक संरक्षित कुंपणात हलवतात हे खरं, पण एखादं नजरेतून सुटतंच, आणि वर येणारी मादी तर उघड्या पुळणीवरच असते. उजेड, माणसांची हालचाल दिसली की ती अंडी न घालताच परत फिरते.

तुमची शेकोटी आगरात आहे, पुळणीवर नाही, हे चांगलंच. फक्त पुळणीवर उभं राहून रात्री ती दिसते का ते एकदा बघा. दिसत असेल तर पश्चिमेच्या अंगाला आणखी एक-दोन थर चिरे चढवा, किंवा कुंपणाला केवडा दाट होऊ द्या. आणि पाहुणे मंडळींना शेकोटी पुळणीवर नेऊ देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

आगरवाली (आंजर्ले)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दोरी आणि खुंट्या घेऊन मोजलं. चार माडांच्या मधला चौक गोठ्यापासून चाळीस फुटांवर येतो, घरापासून त्याहून लांब. मग यजमानांना टॉर्च घेऊन तिथे उभं केलं आणि मी पुळणीवर गेले. केवडा जिथे विरळ आहे तिथून टॉर्च स्पष्ट दिसला. सुरूबन, तुम्ही लिहिलं नसतं तर हे माझ्या ध्यानातही आलं नसतं. त्या बाजूला चिऱ्यांचे दोन थर जास्त चढवणार आणि केवड्याचे फुटवे आताच लावणार.

वाऱ्याचंही पाहिलं. सात वाजता उदबत्ती लावली तर धूर सरळ घराकडे. नऊच्या सुमारास तीच उदबत्ती समुद्राकडे. सासूबाई स्वतः पडवीत बसून बघत होत्या, म्हणाल्या, "मग जेवणं आधी उरका, आणि खुशाल बसा."

रिंगा आता पाला कुजवायला वापरेन. काका, दोन शंका. आम्ही उठताना आग विझवायची कशी, पाणी ओतलं तर चालेल? आणि राख माडांना घातली तर चालते ना?

चिरेबंदी (रत्नागिरी)

पाणी नाही. तापलेल्या विटेवर गार पाणी पडलं की तडा जातो. शेवटची लाकडं जळू द्या, निखारे पसरवा आणि वर कोरडी माती टाका. पुळणीवरची वाळू नको, मीठ विटेत उतरतं. उठल्यावर जाळीचं झाकण किंवा जुना तवा टाकलात तर रात्री ठिणगी उडणार नाही. सकाळी राखेवर उलटा हात धरून बघा, ऊब लागली तर हात घालू नका. आत निखारा दुपारपर्यंत जिवंत राहतो.

राख माडाला चांगली, त्यात पालाश असतो, आणि जांभ्याची माती आंबट असते तिला ती मानवते. पुळणीच्या मातीत मात्र बेताने घाला. बुंध्याला चिकटवून नाही, चार-पाच फूट लांब आळ्यात पसरून, मातीत मिसळून.

विटा आणायला निघालात की दोन विटा एकमेकींवर हलक्या आपटून बघा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर बाजूला ठेवा.

चौलकर

ताई, नागाव म्हणजे आमच्या शेजारचं गाव! पोपटीचं मी सांगतो, कारण गोल बांधलेल्या जागेत ती जरा वेगळी लावावी लागते.

शेतात आपण मडकं उलटं ठेवून भोवती पालापाचोळा रचतो, वारा चारी बाजूंनी मिळतो. तुमच्या अडीच फूट रुंद गोलात फूटभर रुंदीचं मडकं ठेवलं तर भोवती नऊ इंच जागा राहते. पुरते. पण ओंडके घालू नका, त्यांचा जाळ एकाच अंगाला लागतो आणि मडकं तडकतं. पेंढा, वाळक्या झावळ्या तोडून, सोडणं, हेच भोवती आणि वर सारखं रचायचं. खालच्या फटींमुळे तुमचा जाळ शेतातल्यापेक्षा जोरात लागणार. आम्ही एरवी अर्धा तास धरतो, तुम्ही वीस मिनिटांनंतरच मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारून बघा. चर्र करून पाणी लगेच उडालं की झाली.

तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरा, मधे वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. बटाटे, रताळी, अंडी शेंगांच्या मधल्या थरात. कोंबडी घालणार असाल तर मसाला लावून केळीच्या पानात बांधून अगदी मध्यावर. पाण्याचा थेंबही नको, शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीवरच सगळं शिजतं. आंजर्ल्याला भांबुर्डा शेताच्या बांधावर मिळायला हवा. पानं चुरगळून बघा, उग्र वास आला तर तोच. नाहीच मिळाला तर मकर संक्रांतीच्या आसपास माहेरी याल तेव्हा आमच्या बांधावरून हवा तेवढा न्या. मडकं मात्र इकडूनच न्या, जाड बुडाचं, आणि आदल्या रात्री पाण्यात बुडवून सकाळी उन्हात पूर्ण वाळवून मगच आगीवर ठेवा.